आकडा कुठून आला, ते विचारा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून आणलेल्या कांद्यांची कोरडी टरफलं टाकण्याआधी एकदा एवढं करून बघा. मूठभर टरफलं दहा मिनिटं उकळा, पाणी गाळा आणि दोन ग्लासांत घ्या. एका ग्लासात चिमूटभर तुरटीची पूड ढवळा. दोन्ही ग्लास शेजारी धरले की तुरटीच्या पाण्यावर चढलेली पिवळी झाक दिसते. तुरटीतलं ॲल्युमिनियम टरफलांतल्या क्वेरसेटिनला धरतं, हे त्याचं कारण. क्वेरसेटिन हा कांद्यातला मुख्य फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांच्या एका गटातला.

प्रयोगशाळेतली सर्वांत स्वस्त तपासणी याच तत्त्वावर चालते. नमुन्याचा मिथेनॉलमध्ये अर्क काढतात, ॲल्युमिनियम क्लोराइड घालतात आणि पिवळेपणा साधारण 415 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. पाकिटावर ‘एकूण फ्लेव्होनॉइड’ म्हणून छापलेला आकडा बऱ्याचदा असा आलेला असतो. पद्धत खोटी नाही, पण ती काय बघते आणि काय बघत नाही, हे आपल्याला माहीत हवं.

चहातली कॅटेचिन्स आणि संत्र्या-मोसंबीतलं हेस्पेरिडिन तिला नीट दिसत नाहीत. उलट मसाल्यात हळद असेल, तर हळदीचा स्वतःचा पिवळा रंगही मोजला जातो. कर्क्युमिन फ्लेव्होनॉइड नाही, तरी आकडा फुगतो. शिवाय तुलना कशाशी केली, यावरही बरंच ठरतं. रुटिनचा रेणू क्वेरसेटिनच्या दुप्पट वजनाचा, म्हणून तोच नमुना रुटिनच्या हिशेबात मांडला तर आकडा जवळपास दुप्पट दिसतो.

नेमकं उत्तर हवं असेल तर एचपीएलसी. अर्क बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून दाबाने ढकलतात, प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि वेगळा मोजता येतो. कोकमाच्या लाल रंगासाठी, म्हणजे त्यातल्या अँथोसायनिनसाठी, तर वेगळीच पद्धत आहे. अर्क पीएच 1 आणि पीएच 4.5 वर बघतात. खरे अँथोसायनिन 4.5 ला फिके पडतात, वरून घातलेला रंग सहसा पडत नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. फ्लेव्होनॉइडचा दावा करणारी पूड, सरबत किंवा चहा घेताना विक्रेत्याला विचारा: कोणता फ्लेव्होनॉइड, कोणत्या पद्धतीने, आणि 100 ग्रॅम कोरड्या पुडीत की आपण घेतो त्या चमचाभरात? अहवाल मागा. त्यावर एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची, मान्यता त्याच चाचणीसाठी आहे का, तेही बघा. प्रयोगशाळेला मान्यता असते ती ठरावीक चाचण्यांपुरती.

बचत गटाच्या ताईंनो, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत नमुना देण्याआधी तुम्हीही हेच विचारा. हळदीचा माल असेल तर रसायन न घालता नमुन्याचा रंग वेगळा मोजून वजा करायला सांगा.

आणि ग्राहकाला शंकाच आली, तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 च्या कलम 40 नुसार फी भरून स्वतः तपासणी करून घेता येते. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. माल कायद्याच्या विरुद्ध निघाला, तर फी परत मिळते.