प्रवासवर्णनात न मावणारे जहाज

मराठीत समुद्रप्रवास पुष्कळ लिहिला गेला आहे, आणि तो जवळजवळ सगळा तिकीट काढून गेलेल्यांनी लिहिला आहे. विमानप्रवास सर्रास होण्यापूर्वी विलायतेला जाणारा प्रत्येक लेखक बोटीनेच जाई. त्यामुळे डेकवरची संध्याकाळ, बोट लागणे, जेवणाच्या टेबलावरची काट्याचमच्यांची फजिती हे सारे आपल्या प्रवासवर्णनांत ठरल्यासारखे येते. ताट पुढे करणारा हातही अधूनमधून दिसतो. त्या हातामागचा माणूस मात्र पानाच्या कडेलाच उभा राहतो. याला लेखकांचा दुष्टपणा म्हणण्याचे कारण नाही. प्रवासवर्णन हा प्रकारच मुळी प्रवाशाचा आहे.

आज हा प्रश्न नव्याने उपस्थित करावासा वाटतो, कारण तो हात आता आपल्या ओळखीचा असू शकतो. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले कुंभार पिंपळगाव घ्या. ऊस, कापूस, मोसंबी यांचा हा मुलूख. समर्थ रामदासांचे जांब जवळच, म्हणजे घर सोडून निघून जाण्याचा मोठा दाखला शेजारीच आहे. समुद्र मात्र इथून जवळपास चारशे किलोमीटर दूर. अशा गावातला मुलगा बारावीनंतर छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट करतो, एखाद्या हॉटेलात उमेदवारी करतो आणि मग मुंबईतल्या भरती एजंटाच्या दारात उभा राहतो. जीवसुरक्षेचे प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, खलाशी म्हणून नोंद करणारे सीडीसी पुस्तक, अमेरिकेचा व्हिसा अशी एकेक पायरी चढत तो मायामीला किंवा बार्सिलोनाला पोहोचतो आणि कुठल्याशा क्रूझवर असिस्टंट वेटर म्हणून, नाहीतर भांडी घासणारा ‘युटिलिटी’ म्हणून रुजू होतो. हाताशी पदवी असते. सुरुवात खरकट्यापासून होते.

हा मुलगा आपल्या साहित्यात कुठे आहे? सुशिक्षित ग्रामीण तरुण आपल्याकडे आहे, नाही असे नाही. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला (२००२) एकनाथ एम.ए., बी.एड. होऊन शेतीच्या आणि बेकारीच्या कात्रीत सापडलेला आहे, आणि त्या कादंबरीने एका पिढीला शब्द दिले. पण तिथून पुढे आपली ग्रामीण कादंबरी बहुधा त्याच उंबरठ्याशी घुटमळत राहिली. नोकरी न मिळालेला तरुण ग्रामीण ठरतो. नोकरी मिळवून समुद्रावर गेलेला तरुण मात्र समीक्षेच्या लेखी गाव सोडून गेलेला, म्हणजे आपल्या अभ्यासविषयातून बाहेर पडलेला. हे वर्गीकरण मला सपशेल चुकीचे वाटते. कॅरिबियन समुद्रात मिळालेल्या टिपांतून घनसावंगीत बोअर घेतली जात असेल, तर तो पैसा ग्रामीण की जागतिक? दुष्काळ त्या मुलाच्या पगारपत्रकातही असतोच.

त्याच्या कामाचे स्वरूप तर साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे असे आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३मध्ये ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात हवाईसुंदरींच्या कामाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. हसू हा कामाचा भाग, आणि ते मनापासूनचे वाटले पाहिजे हीही कामाचीच अट. क्रूझवर छातीवरच्या बिल्ल्यावर नाव असते आणि बहुधा नावाखाली देशही. पाहुणा त्या हसण्याला गुण देऊन जातो. आपल्याकडे पाहुणचार ही परतफेडीची गोष्ट आहे: आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी फोड आपण शाळेत शिकलो. जहाजावर पाहुण्याच्या येण्याजाण्याच्या तारखा तिकिटावर छापलेल्या असतात आणि उलट बोलावणे कधीच नसते. आईने शिकवलेला ‘बसा, पाणी घ्या’ हा संस्कार परक्या भाषेत, दिवसातून शेकडो वेळा, गुणांकनासाठी उच्चारावा लागला की त्या संस्काराचे आतून काय होते? हा प्रश्न कादंबरीचाच आहे, समाजशास्त्राचे कोष्टक तिथे पुरे पडत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. पुष्कळ क्रूझ दर सात दिवसांनी त्याच बंदरातून सुटतात, त्याच बेटांना शिवून तिथेच परततात. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा. म्हणजे प्रवाशाला जे एकदाच दिसते ते या मुलाला पंचवीस ते चाळीस वेळा दिसते. अनेकदा दिसतही नाही, कारण जहाज बंदरात असताना त्याची पाळी असते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार (२००६चा, भारताने तो २०१५मध्ये स्वीकारला) चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती सांगतो. याचाच दुसरा अर्थ, चौदा तास काम नियमात बसते. जेट्टीबाहेर मिळालेल्या तासाभरात माणूस चर्च पाहत नाही, वायफाय शोधतो. सुरुवात, शोध, परतणे हा प्रवासवर्णनाचा नेहमीचा साचा अशा वर्तुळाकार काळापुढे मोडतो. डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाचा क्रूझवरचा दीर्घ निबंध (१९९६) फार गाजला, आणि तो आहेही विलक्षण. पण तोही सात रात्रींचा पाहुणाच! धंदेवाईक हसण्याची चीड त्याला अचूक नोंदवता आली. ते हसू ज्याच्या जबड्यात दुखते तो त्या निबंधात परकाच राहिला.

आपल्या शेजारच्या कोकणीने या बाबतीत आपल्यापुढे मजल मारली आहे. गोव्यात बोटीवर काम करणाऱ्याला ‘तारवटी’ हा शब्द आहे. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांचे ‘कूड’ होते, काही अजूनही आहेत. बोटीची वाट पाहणारा तारवटी तिथे पेटी ठेवून राहत असे. तियात्रच्या रंगभूमीने तारवट्याला, त्याच्या मागे राहिलेल्या बायकोला आणि त्याच्या पैशावर डोळा ठेवणाऱ्या नातेवाइकांना कधीच पात्रांचा दर्जा दिला. समुद्र जवळ होता म्हणून हे घडले, असे म्हणता येईल. पण आता समुद्र जालन्यापर्यंत आला आहे.

फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ विलगीकरणात ठेवले गेले. जहाजावर सुमारे ३७०० माणसे. त्यांत १३८ भारतीय, आणि त्यांपैकी १३२ कर्मचारी. प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये बसवले गेले. त्यांच्या दाराशी जेवण पोहोचवणारे मात्र रोज कामावर जात होते आणि रात्री सामाईक खोल्यांत झोपत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’वरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईसमोर समुद्रात थांबून होते. किनारा दिसत होता, उतरण्याची परवानगी नव्हती. एका भाषेला यापेक्षा मोठे कथाबीज काय हवे? वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या, नंतर विषय मिटला.

हे आतून लिहिले का जात नाही याची कारणे उघड आहेत. गावाकडे पाठवलेल्या फोटोत डेक असतो, पाण्याच्या पातळीखालची दोघांत एक केबिन नसते. एजंटासाठी काढलेले कर्ज फिटेपर्यंत यशाचीच गोष्ट सांगावी लागते. घरच्यांची पत आणि स्वतःचे लग्नही त्या गोष्टीवर अवलंबून असते. शिवाय चौदा तासांनंतर लिहिणार कोण? त्याचे मराठी उरते ते पहाटे आईला पाठवलेल्या आवाजी निरोपात. ‘जेवलो’, ‘बरंय’, ‘पाऊस पडला का’. या तीन शब्दसमूहांमध्ये जे दडपलेले असते ते ऐकू येणारा लेखक अजून यायचा आहे, आणि तो त्या मुलांमधूनच आला तर उत्तम.

यावर ‘हा विषय वार्तांकनाचा, साहित्याचा नव्हे’ असा आक्षेप विभागांतून येईल, याची मला कल्पना आहे. १९७८मध्ये ‘बलुतं’ आले तेव्हाही हे साहित्य की दस्तऐवज, अशी चर्चा झाली होती. दोन्ही अनुभवांची बरोबरी मी करत नाही. ती करणे अन्यायाचे होईल. जहाजावरची चाकरी मुलाने निवडलेली असते, तो तिच्यातून बाहेर पडू शकतो, आणि बरेचजण दोन-तीन करारांनंतर गावाजवळ स्वतःचे हॉटेल टाकण्याचे स्वप्न घेऊन परततातही. मात्र ‘ग्रामीण साहित्य’ या सदराखाली यंदाही दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या यांवरचेच प्रबंध नोंदवले जाणार असतील, तर निदान मार्गदर्शकांनी एकदा आपल्या पदवीच्या वर्गातल्या मुलांना विचारावे, कोणाचा भाऊ सध्या कुठल्या समुद्रात आहे.