ट्रॅक्टर तापतोय म्हणून जाड ऑईल? आधी जाळी बघा



सोयाबीन मळणीला आलंय आणि काल ऑईलच्या दुकानात पुन्हा तोच सल्ला कानावर पडला. एका पोराचा ट्रॅक्टर तापतोय, तर त्याला म्हणे, "१५डब्ल्यू-४० काढ, २०डब्ल्यू-५० भर. जाड ऑईलने इंजिन थंड राहतं." पोरगा खिशात हात घालायला लागला. मी मधे बोललो. दुकानदाराला राग आला. येऊ दे.

हा सल्ला साफ उलटा आहे. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑईलचा केसाहून बारीक थर असतो, शाफ्ट त्यावर फिरतो आणि तो थर सतत घुसळला जातो. ताक घुसळताना आणि घट्ट दही घुसळताना हाताला जो फरक कळतो, तोच इथे. जाड ऑईल घुसळायला ताकद जास्त लागते आणि ती ताकद उष्णताच होते. पेट्रोव्ह नावाच्या रशियन इंजिनिअरने १८८३ सालीच याचा हिशेब मांडून ठेवलाय. वर आणखी, ऑईल फार जाड असलं की दाब वाढून पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल परत चेंबरमध्ये पडतं. गेजवर प्रेशर झकास दिसतं, पण बेअरिंगमधली उष्णता वाहून न्यायला ऑईल कमीच पोचतं.

पोरगा म्हणाला, "काका, रेसच्या गाड्यांत जाडच टाकतात, रील बघितलीय मी." खरंय. बीएमडब्ल्यूच्या २००० नंतरच्या एम-३ ला कंपनीच १०डब्ल्यू-६० सांगायची. पण ते इंजिन ८००० आरपीएमच्या आसपास पळतं. तिथे ऑईल इतकं तापतं की पातळ होऊन थर तुटायची भीती. म्हणून जाड. थंड करायला त्या गाडीत वेगळा ऑईल कूलर बसवलाय. आणि निस्सानच्या जीटी-आरला, तीही तशीच पळणारी, ०डब्ल्यू-४० चालतं. आपला ट्रॅक्टर २०००-२२०० वर गुरगुरतो, त्याला रेसचं औषध कशाला?

आकड्यांचाही घोळ आहेच. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीतला. गरम इंजिनातली जाडी मागचा आकडा सांगतो. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० दोन्ही १०० अंशाला एकाच वर्गात, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स. "वीसवालं दमदार" म्हणून जास्त पैसे देणाऱ्यांनी हे बघावं.

मीही शहाणा नव्हतो. तीन वर्षांपूर्वी मळणीत काटा लाल पट्टीकडे जायला लागला, एकाने सांगितलं म्हणून जाड ऑईल भरलं आणि निर्धास्त झालो. अहो, डॅशबोर्डवरचा तो काटा पाण्याचा असतो, ऑईलचा नाही! एवढंही डोक्यात आलं नाही. मळणीला ट्रॅक्टर एका जागी उभा, पीटीओ फुल, भुसकट उडतंय आणि पंखा ते सगळं रेडिएटरवर ओढतोय. चौथ्या दिवशी हेड गॅस्केट गेलं. फिटरने समोरची जाळी काढली तर मागे रेडिएटरच्या पात्यांत भुसा गच्च, लिंपल्यासारखा. फॅन बेल्टही ढिला. त्या रात्री पाऊस आला, निम्मी गंजी भिजली. भाव काय मिळाला ते विचारू नका.

जाड ऑईल कधीच नको असं नाही. इंजिन झिजलंय, गरम झाल्यावर ऑईलचा दाब पडतोय, तर काही दिवस ढकलायला चालतं. तेही पुस्तिकेत हवेच्या तापमानाप्रमाणे ग्रेड दिलेली असते, तिच्यात बसत असेल तरच. पण तो झिजेवरचा तात्पुरता उपाय झाला. तापण्याशी त्याचा संबंध नाही.

त्या पोराला मी दुकानातून थेट शेतावर नेलं. जाळी काढली, पंख्याच्या बाजूने बाहेर अशी हवा मारली. दाब कमीच ठेवला, नाहीतर पाती वाकतात. घमेलंभर भुसा निघाला. बेल्ट ताणला, पाणी बघितलं तर कूलंट नव्हतंच, नुसतं बोअरचं खारं पाणी. ते उद्या इंजिन गार असताना बदलणार आहोत.