शिबिराची बॅग आणि आपला परिग्रह



मे महिना आला की आपल्या घरात एकीकडे पापड-सांडग्यांची वाळवणं चालू असतात आणि दुसरीकडे मुलांच्या शिबिरांची चर्चा. आमची धाकटी यंदा सातवीत जाईल. येत्या रविवारी ती सात दिवसांसाठी आंबा घाटाच्या बाजूला एका शिबिराला चालली आहे. तंबूत राहायचं, डोंगर चढायचे, पहाटे पक्षी बघायचे, रात्री तारे बघायचे. तिच्या बॅगेविषयी आज लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी मोठ्याची बॅग भरताना मी चुकले होते.

मोठ्याबरोबर मी सात डबे दिले होते. दशम्या, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू, लाह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, काय नि काय. बॅग इतकी जड झाली की ती ह्यांनीच उचलून गाडीत ठेवली. निघताना मी दहा वेळा बजावलं, "रात्री जेवायचं नाही, बटाटा खायचा नाही, पाणी गाळून प्यायचं." त्यानं मान हलवली. परत आल्यावर विचारलं, "सगळं पाळलंस ना रे?" "हो" म्हणाला. मला इतका आनंद झाला की मंदिरात चार जणींना कौतुकानं सांगून आले.

पुढे दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीच्या दिवशी तो माझ्या पाया पडला, तो उठेचना. रडतच म्हणाला, "आई, मी तुझ्याशी खोटं बोललो." दशम्यांना दोनच दिवसांत वास यायला लागला होता, खाकऱ्यांचा चुरा झाला होता, उरलेल्या डब्यांना मुंग्या लागल्या होत्या. मुंग्या मरतील म्हणून त्यानं डबे उघडे करून झाडाखाली ठेवले आणि पुन्हा त्यांना हात लावला नाही. मग दिवसभर डोंगर चढून आल्यावर रात्री आठ वाजता भात आणि बटाट्याची भाजी समोर आली, ती त्यानं खाल्ली. "भूक लागली होती. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा कुठं पाठवलं नसतंस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बटाट्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख होतं की माझ्या भीतीनं माझ्या लेकरानं चार महिने एक खोटं मनात बाळगलं. सत्य हेही अणुव्रतच आहे ना? मी कंदमूळ सांभाळायला गेले आणि सत्य हातातून सुटलं. आणि ज्या मुंग्यांविषयी मी एक अक्षर सांगितलं नव्हतं, त्यांची दया मात्र त्यानं आपणहून पाळली होती. जे त्याच्या मनात रुजलं होतं ते टिकलं. जे मी डब्यात भरून दिलं होतं ते आंबलं.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या ढिगावरून केलेली नाही, वस्तूंविषयीच्या आसक्तीवरून केली आहे. आपण हे स्वाध्यायात वाचतो आणि बॅग भरताना विसरतो. ते सात डबे मुलाच्या भुकेसाठी नव्हते, माझ्या काळजीसाठी होते. आपले मुनिमहाराज पिंछी, कमंडलू आणि शास्त्र एवढ्यावर गावोगाव विहार करतात, आणि आपलं लेकरू सात दिवस निघालं तर आपण अर्धं स्वयंपाकघर पाठवतो!

म्हणून माझं मत असं झालं आहे: मुलाची बॅग मुलानंच भरावी, आणि नियमही त्यानंच घ्यावा. आईनं आधी दोन कामं करावीत. एक म्हणजे शिबिरवाल्यांशी स्पष्ट बोलावं आणि दुसरं म्हणजे मुलाशी त्याहून स्पष्ट बोलावं.

यंदा मी महिनाभर आधी फोन केला. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेसहाला ताट मिळालं तरी पुरे. मी तेवढंच विचारलं. तिथल्या ताई म्हणाल्या, "वरण-भात तोवर तयार असतो, आम्ही आधी वाढू." इतकं सोपं होतं, आणि गेल्या वर्षी मी विचारलंच नव्हतं. सकाळच्या लिंबूपाण्यात मध घालतात का, तेही विचारून घेतलं. शिबिरात सुटा खाऊ मिळतो. धाकटीला सांगितलं की पाकिटावर हिरवा ठिपका दिसला म्हणजे आपलं काम झालं असं नाही, बटाट्याच्या वेफर्सवर आणि मधाच्या बाटलीवरही तो असतो. मागचा मजकूर वाचायचा.

मग तिला विचारलं, "तुला काय पाळणं जमेल?" ती बराच वेळ गप्प राहिली. शेवटी म्हणाली, "रात्री जेवणार नाही. पाणी गाळूनच पिईन. बटाट्याचं नक्की सांगता येत नाही, पण जे होईल ते तुला खरं सांगेन." खरं सांगते, मनात कळ आली. पण मी "बरं" म्हटलं.

बॅगेचा नियम एकच ठेवला, स्वतः पाठीवर घेऊन जिना चढून उतरून दाखवायचं. त्यामुळे काय गेलं? तीन सुती जोड, त्यातले पूर्ण बाह्यांचे दोन. टोपी. आधी वापरून सैल झालेले कापडी बूट, कारण नवे बूट चावतात. जास्तीचे मोजे. जाड टॉवेलऐवजी पंचा, लवकर वाळतो. बॅटरी आणि जादा सेल. ताट, वाटी, पेला. दोन पाण्याच्या बाटल्या आणि दुहेरी सुती गाळणं. ओल्या कपड्यांसाठी पिशवी. डासांना मारणारं काही नाही, अंगाला लावायचं सिट्रोनेलाचं तेल. औषधं चिठ्ठीसह ताईंच्या हातात द्यायची. खाऊचा डबा एकच, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. जपमाळ मी काढून ठेवली होती, ती म्हणाली, "णमोकार बोटांवर मोजते, माळ हरवेल." तेही पटलं.

काही जणी म्हणतील, एवढी अडचण असेल तर पाठवावंच कशाला? आमच्या सासूबाईंचंही हेच म्हणणं आहे, आणि त्यांची काळजी मला कळते. पण उद्या हीच मुलं शिकायला पुण्या-मुंबईला जातील, वसतिगृहात राहतील, तिथं डबा किती दिवस पुरवणार? आत्ता सात दिवसांत चुकली तर घरी येऊन सांगायला आपण आहोत. पहिल्यांदा चुकायची वेळ अठराव्या वर्षी एकटेपणी येऊ नये.

काल रात्री मी गुपचूप तिच्या बॅगेत चिवड्याचा एक डबा सरकवला. सवय, दुसरं काय! सकाळी तो ओट्यावर परत आलेला दिसला. वर चिठ्ठी होती, "आई, ही तुझी काळजी आहे, माझी भूक नाही."

डबा मी भरणीत रिकामा केला. तुमच्या घरी यंदा कोणी शिबिराला निघालं असेल, तर बॅगेला हात लावण्याआधी एकदा लेकराशेजारी बसून विचारा, "तुला काय जमेल?" उत्तर मनासारखं नसलं तरी ऐकून घ्या.

जय जिनेंद्र.