पत्रा पेटत नाही, आतलं अस्तर पेटतं

लोखंडाच्या घराला आगीची भीती नाही, असं कंटेनर-घरं विकणारे छातीठोकपणे सांगतात. पत्रा पेटत नाही हे खरंच आहे. पण माणूस राहतो तो पत्र्याच्या आत लावलेल्या प्लाय, पीव्हीसी पॅनेल आणि फोमच्या सहवासात. मुळशी-कर्जतच्या फार्महाउसपासून बांधकामाच्या साइटवरच्या पोर्टा केबिनपर्यंत अशी तयार घरं आता सर्रास दिसतात. त्यांचं अस्तर कशाचं आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

अमेरिका हा धडा जीव गमावून शिकली. कारखान्यात बांधायचं आणि ट्रकमागे ओढत जागेवर न्यायचं, अशी ‘मोबाइल होम’ तिथल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा मोठा आधार. जुन्या घरांच्या भिंतींना आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं प्लायवूड असायचं. छत बुटकं, खोल्या अरुंद. अशा खोलीत ज्वाला प्लायवरून चढून छताला भिडते, तापलेला धूर खाली उतरतो आणि काही मिनिटांत सबंध खोली एकदम भडकते. झोपलेल्याला जाग येऊन दार गाठायला तेवढा अवधी पुरत नाही.

1974 साली तिथे कायदा झाला आणि 15 जून 1976 पासून देशभर एकच नियमावली लागू झाली. आतल्या पृष्ठभागावर ज्वाला किती पसरते, यावर तिनं मर्यादा घातली. हे मोजतात एका लांब बोगद्यात. नमुना बोगद्याच्या छताला लावायचा, एका टोकाला ज्वाला द्यायची आणि दहा मिनिटं बघायचं. अॅस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा म्हणजे 0, रेड ओकचं लाकूड म्हणजे 100. छतासाठी मर्यादा 75, भट्टी आणि गीझरभोवतीच्या भिंतींना 25, इतर भिंतींना 200. शिवाय धुराचा अलार्म, बाहेर पडायला दोन दारं आणि प्रत्येक शयनकक्षाला सुटकेची खिडकी. त्यानंतर बांधलेल्या घरांत आगीमागे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जुन्या घरांपेक्षा बरंच कमी आहे.

भिंतींची 200 ही मर्यादा मला तरीही सैल वाटते; ओकच्या दुप्पट मोकळीक कशासाठी? त्या जागी जिप्सम बोर्ड सहज बसतो. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. आगीची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते आणि माणसाला मोलाची मिनिटं मिळतात. दुसरं म्हणजे, ज्वाला किती पसरते हे कळलं तरी धूर किती विषारी हे कळत नाही. पफ पॅनेलमधला पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. फोमच्या बाबतीत छोट्या चाचण्यांवर विसंबणंही धोक्याचं. अशाच चाचण्यांच्या आधारे ‘आपोआप विझणारा’ म्हणून फोम विकणाऱ्या उद्योगाविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 1973 मध्ये तक्रार दाखल केली होती. आपल्या बाजारात असे दावे आजही ऐकू येतात.

25 मे 2024 रोजी राजकोटच्या गेम झोनमधल्या आगीत 27 जण गेले. तोही लोखंडी सांगाड्यावर उभारलेला तात्पुरता डोलाराच होता; वेल्डिंगच्या ठिणग्या पडल्या त्या खालच्या जळाऊ सामानावर. सांगाडा लोखंडाचा असूनही ते वाचले नाहीत.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत आतल्या पृष्ठभागांचा विचार आहे, पण संहिता ही शिफारस असते. राज्यानं ती नियमात उतरवावी लागते. ‘तात्पुरतं’ म्हणून उभं केलेलं केबिन या सगळ्यातून निसटतं आणि त्यात वर्षानुवर्षं माणसं झोपतात. राज्य सरकारनं निदान मुक्कामासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक केबिनला आणि कंटेनरला अस्तराच्या चाचणीचा दाखला, धुराचा अलार्म आणि सुटकेचा दुसरा मार्ग सक्तीचा करावा. मजुरांच्या वसाहतींपासून सुरुवात व्हावी, कारण तिथल्या माणसाला घर निवडता येत नाही.

ज्यांना निवडता येतं त्यांनी आगाऊ रक्कम देण्याआधी अस्तराचा चाचणी-अहवाल लेखी मागावा. फोमऐवजी रॉकवूल आणि आतून जिप्सम बोर्ड घ्यावा. अहवाल देता येत नाही म्हणणाऱ्याकडून घर घेऊ नका.