जाब विचारणारी सभा

जिल्हा परिषदेचें नांव आपल्या शाळेंतील मुलांस नवें नाहीं. खेड्यांतून येथें येणाऱ्या पुष्कळांनीं पहिलें अक्षर तिच्याच प्राथमिक शाळेंत गिरविलेलें आहे. त्या शाळेचें छप्पर, गांवचा दवाखाना, कित्येक लहानमोठे रस्ते, हें सारें तिच्याच कारभारांत मोडतें. असें असूनहि तिच्या सभेंत काय चालतें हें पुसल्यास चांगले शिकलेले पालकहि गप्प बसतात.

१ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गांवकऱ्यानें आपलें गाऱ्हाणें ग्रामसभेंत मांडावें, तेथें न भागल्यास निवडून दिलेल्या सभासदानें तें तालुक्यास व जिल्ह्यास न्यावें, आणि भरसभेंत अधिकाऱ्यांकडून त्याचें उत्तर घ्यावें, अशी ही योजना. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें दर पांच वर्षांनीं निवडणूक घेणें बंधनकारक केलें. तरीहि मार्च २०२२ मध्यें राज्यांतील ३४ पैकीं २५ परिषदांची मुदत संपली, राखीव जागांचा वाद न्यायालयांत अडकला, आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ तेथें सभासदच नव्हते. मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले.

त्यामुळें कारभार बंद पडला असें नव्हे. पगार निघाले, कामेंहि झालीं. कित्येक अधिकारी मोठे दक्ष असतात. सभासदांच्या भांडणांस विटलेले कांहीं लोक तर 'बरें झालें, कटकट गेली' असें म्हणत. हें म्हणणें मला मुळींच मान्य नाहीं.

समजा, शाळेचें छप्पर गळत आहे. एकटा पालक अर्ज घेऊन कचेरींत गेला तर 'पाहूं' एवढें ऐकून परत येतो. पण सभेंत सभासद उभा राहून विचारतो: पैसे केव्हां मंजूर झाले? मक्ता कोणास दिला? काम कां अडलें? अधिकाऱ्याचें उत्तर इतिवृत्तांत लिहिलें जातें, आणि पुढल्या सभेंत तेंच पान उघडून त्यास पुन्हा विचारतां येतें. प्रशासकाच्या अमलांत ठराव करणारा तोच आणि तो अमलांत आणणाराहि तोच. मग कोणीं कोणास जाब विचारावा? सचोटीचा अधिकारी असला तरी ही अडचण सुटत नाहीं, कारण त्याची बदली झाली कीं त्याचा शब्दहि त्याच्याबरोबर जातो.

सभासदांचा पक्ष घेऊन मी हें लिहीत नाहीं. मानापमानांत व मक्त्यांच्या वाटणींत सभा दवडणारे सभासद पुष्कळ आहेत. आणि आपण तरी काय करतों? वर्षांतून निदान चार ग्रामसभा घेणें कायद्यानें भाग आहे. पुष्कळ गांवीं त्या पुरेशा माणसांअभावीं तहकूब होतात, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसल्यामुळें पुढें चारदोन मंडळी जमून गांवाच्या नांवानें ठराव करतात.

ग्रामसभेच्या आरंभीं मागील सभेचें इतिवृत्त वाचून दाखवावयाचें असतें. मागें दिलेल्या कोणत्या वचनाचें काय झालें, हें विचारण्याची खरी वेळ तीच; आणि नेमके त्याच वेळीं बहुतेक लोक अद्याप बाहेर चहा घेत उभे असतात.