विश्लेषण : एका संथ सर्व्हरमुळे जगभरातील मॅक का अडले?

१२ नोव्हेंबर २०२० रोजी अ‍ॅपलने ‘बिग सर’ ही मॅक संगणकांसाठीची नवी प्रणाली खुली केली. त्याच दिवशी जगभरात अनेकांच्या मॅकवर, अगदी जुनी प्रणाली वापरणाऱ्यांच्याही, अ‍ॅप्स उघडेनाशी झाली. गंमत अशी, की वाय-फाय बंद केले की तीच अ‍ॅप्स चटकन सुरू होत.

नेमके काय बिघडले होते?

अ‍ॅप उघडताना ते बनवणाऱ्याचे प्रमाणपत्र रद्द तर झालेले नाही ना, अशी विचारणा मॅक अ‍ॅपलच्या सर्व्हरकडे करतो. सर्व्हर गाठताच आला नाही, तर अडवणूक न करता अ‍ॅप उघडू द्यायचे, अशी सोय होती. त्यामुळे इंटरनेट नसतानाही काम होई. त्या दिवशी मात्र सर्व्हर संथ झाला होता. विचारणा जाई, उत्तर रखडे आणि मॅक वाट पाहत बसे. सर्व्हर न सापडण्याची तजवीज होती. तो सापडूनही गप्प बसला तर काय, याची पुरेशी नव्हती.

इतर अ‍ॅप्सनाही हा धोका आहे?

आहे. डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये खिडकी रंगवणे, क्लिक टिपणे ही कामे सहसा एकाच थ्रेडवर चालतात. तोच थ्रेड सर्व्हरच्या उत्तरासाठी अडला की खिडकी गोठते. साधारण पाच सेकंदांनी विंडोज तिच्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ची पाटी लावते. बँकेतला एकमेव कारकून मुख्य कचेरीला फोन लावून कानाशी धरून बसला, तर रांगेचे जे होईल तेच इथे होते.

यावर मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सी-शार्प भाषेत ‘असिंक-अवेट’ आणले. उत्तर येईपर्यंत थ्रेड मोकळा राहतो, आल्यावर पुढचा कोड चालतो. पण घाईत अनेक जण ‘अवेट’ऐवजी ‘रिझल्ट’ मागतात. मग थ्रेड उत्तरासाठी अडतो आणि उत्तर आल्यावर उरलेला कोड चालवायलाही तोच थ्रेड हवा असतो. दोघे एकमेकांची वाट पाहतात. हाच डेडलॉक, इंटरनेट कितीही वेगवान असले तरी तो सुटत नाही.

‘अवेट’ लिहिले म्हणजे झाले?

नाही. किती वेळ थांबायचे, हे ठरवावेच लागते. डॉटनेटच्या एचटीटीपी-क्लायंटची मूळ मुदत १०० सेकंद आहे. बटण दाबून बसलेल्या माणसाला ती फारच लांब. म्हणून कमी मुदत, ‘रद्द करा’चे बटण आणि खिडकी बंद होताच विनंतीही थांबवणे गरजेचे. मुदत संपली म्हणजे काम झालेच नाही, असेही नाही. पैसे पाठवण्याची विनंती सर्व्हरने पुरी केलेली असू शकते. आंधळेपणाने पुन्हा पाठवली तर पैसे दोनदा जातील.

खरी अडचण सुरक्षा तपासणीत आहे. उत्तर आले नाही म्हणून आत सोडावे, तर हल्लेखोर ते उत्तरच रोखू शकतो. अडवावे, तर सर्व्हर मंदावताच सगळ्यांचे काम ठप्प. अ‍ॅपलने नंतर ही विचारणा एन्क्रिप्ट करण्याचे, सर्व्हर बिघडला तरी काम चालेल अशी व्यवस्था करण्याचे आणि तपासणी बंद करण्याचा पर्याय वापरकर्त्याला देण्याचे जाहीर केले.