दहा कोटींतले चौसष्ट

2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 मोबाइल ॲपवर बंदी घातली आणि त्या यादीत ‘पबजी मोबाइल’चं नाव निघालं, तेव्हा महाराष्ट्रातल्या असंख्य आईबापांना हायसं वाटलं. टाळेबंदीत शाळा-कॉलेजं बंद, पोरगं दिवसभर मोबाइलला चिकटलेलं. जे घरात जमलं नाही ते सरकारने एका फटक्यात केलं. त्याच संध्याकाळी देशातल्या काही तरुणांचा चालू पगार मात्र धोक्यात आला. ही मुलं करारावर खेळत होती, संघाच्या बूटकॅम्पमध्ये राहत होती, त्यांच्या जर्सीवर प्रायोजकांची नावं होती. त्यांच्यासाठी रडायला कोणी आलं नाही. मोबाइलवर गोळ्या झाडणं ही नोकरी असू शकते, हेच मुळात कोणाला पटलेलं नव्हतं.

आता ते पटू लागलं आहे, आणि धोका इथूनच सुरू होतो. ‘अभ्यास कर, टाइमपास बंद कर’ म्हणणारा बाप आता वर्तमानपत्रात कोटींच्या बक्षिसांचे आकडे वाचतो आणि गप्प बसतो. सोलापुरात साखर पेठेत असो की जुळे सोलापुरात, बारावीतला मुलगा ‘मी प्रो प्लेअर होणार’ म्हणाला की घराची दोन टोकं होतात. एक म्हणतं पोरगं बिघडलं, दुसरं म्हणतं पोरगं कमावणार. या दोन्ही टोकांना एक गोष्ट कळलेली नाही. हा खेळ खरा आहे, त्यातलं कौशल्य खरं आहे, पैसाही खरा आहे. पण खेळाडूच्या हातात त्यातलं फार थोडं आहे.

आधी पैशाचंच बघू. बंदीनंतर दहा महिन्यांनी, जुलै 2021 मध्ये, क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजे बीजीएमआय या नावाने भारतात आणला. त्याच वर्षी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया सिरीज’ची पहिली स्पर्धा जाहीर झाली. एकूण बक्षीस 1 कोटी, विजेत्याला 50 लाख. स्कायलाइट्झ गेमिंग हा संघ जिंकला. 50 लाख चौघांत वाटले तर माणशी साडेबारा लाख; त्यातून संघमालकाचा वाटा आणि कर वजा. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला तरीही ही रक्कम मोठीच. पण अंतिम फेरीत संघ असतात 16, संघात खेळाडू 4. म्हणजे जागा 64. आणि जुलै 2022 मध्ये, वर्षपूर्तीच्या वेळी, क्राफ्टनने सांगितलं की बीजीएमआयच्या नोंदणीकृत खेळाडूंचा आकडा 10 कोटींवर गेला आहे. दहा कोटींतले चौसष्ट. स्पर्धा परीक्षांचं प्रमाण ऐकून घाबरणाऱ्या पालकांनी हे प्रमाण एकदा कागदावर मांडून पाहावं.

त्या घोषणेची शाई वाळायच्या आत, 28 जुलै 2022 रोजी, सरकारच्या आदेशावरून बीजीएमआय गुगल आणि ॲपलच्या दुकानातून गायब झाला. त्याच महिन्यात ‘बीजीएमआय मास्टर्स सिरीज’ संपली होती. दीड कोटी रुपये बक्षिसाची ती स्पर्धा स्टार स्पोर्ट्ससारख्या वाहिनीवर दाखवली गेली होती. टीव्हीवर क्रिकेटच्या शेजारी बसायचा मान मिळाला आणि काही दिवसांत खेळच उठला! मग दहा महिने सगळं थंड. मे 2023 मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीवर तो परत आला, तेव्हा अट होती की 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तास आणि इतरांना 6 तास. आजही तो सुरू आहे, संघ पुन्हा उभे राहिले, बक्षिसं वाढली. पण सतरा ते वीस या वयातले दोनदा दहा-दहा महिने म्हणजे किती, हे ज्याने हातची संधी गमावली त्यालाच विचारावं.

सोलापूर जिल्हा तालमींचा, म्हणून तुलना कुस्तीशीच करू. करमाळा तालुक्यातल्या खडकीचा बाला रफिक शेख 2018 साली जालन्यात महाराष्ट्र केसरी झाला, आणि तो झाला बुलढाण्याकडून खेळून. त्याआधी कोल्हापूरची तालीम, पुण्याचा आखाडा. घर सोडायचं, वस्तादाच्या हाताखाली राहायचं, खुराकाचा खर्च बापाने सोसायचा, हे सगळं इथल्या माणसाला नवं नाही. ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ गेमचा, बूटकॅम्पही वरकरणी तसाच दिसतो: एका फ्लॅटमध्ये पाच-सहा पोरं, एक कोच, दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत स्क्रिम, म्हणजे सरावाच्या लढती, आणि नंतर त्याच लढतींचं रेकॉर्डिंग बघत चुका शोधणं. ‘आयजीएल’, म्हणजे मैदानात हुकूम देणारा, कुठल्या झोनमध्ये कधी शिरायचं ते ठरवतो. बाकीचे डोळे मिटून ऐकतात. मेहनत कमी नाही. फरक आहे तो एकच. कुस्तीला मालक नाही. कोणी मंत्री, कोणी कंपनी उद्या सकाळी ‘कुस्ती बंद’ म्हणू शकत नाही. तांबडी माती कुणाच्या सर्व्हरवर साठवलेली नाही. बीजीएमआयला मालक आहे. ‘व्हॅलोरंट’ या दुसऱ्या खेळालाही मालक आहे. मालकाने नियम बदलले की पाच वर्षं घासलेलं कौशल्य एका अपडेटमध्ये जुनं होतं.

हे फक्त भारतात घडतं असंही नाही. ‘डोटा 2’ या खेळाची ‘द इंटरनॅशनल’ ही स्पर्धा 2021 साली तब्बल 4 कोटी डॉलरची होती. प्रेक्षक खेळातल्या वस्तू विकत घेत आणि त्यातला वाटा बक्षिसात जमा होई. व्हॉल्व्ह या मालक कंपनीने 2023 मध्ये ही पद्धत बदलली, आणि बक्षीस 30 लाख डॉलरच्या आसपास उतरलं. ना खेळाडूंनी संप केला, ना कोणाला करता येत होता. विणकर आणि यंत्रमाग कामगारांच्या सोलापुरात मालक आणि मजूर यांचं नातं वेगळं समजावून सांगायला नको. ई-स्पोर्ट्समध्ये तर मजुराची युनियनसुद्धा नाही.

वयाचं गणितही कडक. दक्षिण कोरियाचा ली सांग-ह्योक, ‘फेकर’ या नावाने जग ओळखतं तो, 2013 साली सतराव्या वर्षी ‘लीग ऑफ लिजेंड्स’चा जगज्जेता झाला आणि 2025 मध्ये सहाव्यांदा. त्याचा फोटो मुलांच्या भिंतीवर असतो. पण तो अपवाद आहे, सचिनसारखा. सचिनकडे बघून रणजीपटूंचं आयुष्य कळत नाही. त्याच खेळातला चीनचा जियान झिहाओ, म्हणजे ‘उझी’, याने 2020 मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो 23 वर्षांचा होता. कारणं होती टाइप-2 मधुमेह आणि हाताची दुखापत. नंतर तो परतला, पण तेवीस वर्षांचा मधुमेही हे चित्र विसरता येत नाही. बोटांचा वेग आणि नजर यावर चालणाऱ्या धंद्यात पंचविशी म्हणजे उतरण. त्या वयात इंजिनीअरिंग झालेल्या मुलाला पहिली बढतीही मिळालेली नसते.

आणि सोबत्याच्या चुकीचा भुर्दंड. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या स्पर्धेत ‘ऑप्टिक इंडिया’ या संघाचा निखिल ‘फोर्सेकन’ कुमावत भर सामन्यात फसवणूक करताना सापडला. नेम आपोआप लावणारा प्रोग्राम त्याच्या संगणकात होता, आणि फाइलचं नाव होतं ‘वर्ड’, जणू कोणाचा सुट्टीचा अर्ज असावा. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. कंपनीने मात्र अख्खा संघच मोडला. चौघांनी काहीही केलेलं नव्हतं. त्यांचीही नोकरी गेली.

मग पैसा टिकतो कोणाकडे? जो कॅमेऱ्यासमोर बोलू शकतो त्याच्याकडे. नवी मुंबईचा नमन माथुर, ‘मॉर्टल’, याच्या टीम सोलने 2019 साली पबजी मोबाइल इंडिया सिरीज जिंकली आणि बर्लिनची जागतिक अंतिम फेरी गाठली. आज तो ओळखला जातो तो मुख्यतः स्ट्रीमर, म्हणजे खेळाचं थेट प्रक्षेपण करणारा, म्हणून. त्याने साथीदारांसह उभारलेल्या ‘एसएटयूएल’ला 2022 मध्ये लास वेगासच्या ई-स्पोर्ट्स अवॉर्ड्समध्ये पुरस्कार मिळाला तोही सर्वोत्तम ‘कंटेंट ग्रुप’चा. एप्रिल 2024 मध्ये पंतप्रधान मोदी सात गेमर्सना भेटले. त्यात मुंबईचा मिथिलेश पाटणकर होता, नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या उमरानाल्याची पायल धारे होती. दोघांची कीर्ती व्हिडिओंची आणि थेट प्रक्षेपणाची. देशासाठी पदक आणलेला त्यात भूजचा तीर्थ मेहता होता. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याने ‘हार्थस्टोन’ या खेळात कांस्य मिळवलं, तेव्हा ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय असल्याने ते पदकतालिकेत धरलं गेलं नाही. सातांपैकी त्याचं नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे?

खेळाडू आणि स्ट्रीमर हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्यात निकाल लागतो, दुसऱ्यात प्रेक्षक जमवावा लागतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाता येतं. कोच होता येतं, जसा अभिजीत अंधारे ‘घातक’ झाला. संघाचा मालक होता येतं, जसा चेतन चांदगुडे ‘क्रॉन्टेन’ याने ‘गॉडलाइक’ उभा केला. मराठी आडनावं या धंद्याच्या वरच्या मजल्यावर आहेत, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण मजला चढायला जिना एकच नाही, हे मुलांना कोणी सांगत नाही. सामन्याचं समालोचन करणारा ‘कास्टर’ लागतो, कॅमेरा कुठल्या खेळाडूवर न्यायचा ते ठरवणारा ‘ऑब्झर्व्हर’ लागतो, आकडे काढणारा विश्लेषक लागतो, व्हिडिओ कापणारा लागतो. सोलापूरचं पूर्व भागातलं पोरगं घरात तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, आणि अक्कलकोटकडचा मित्र असेल तर कन्नडही. चार भाषांत कास्टिंग करू शकणारी मुलं पुण्या-मुंबईत शोधून सापडायची नाहीत. इथे ती चहाच्या गाड्यावर उभी आहेत.

केंद्र सरकारने आपलं काम निम्मं केलं आहे. डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे सोपवलं. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. आपला ‘लीग ऑफ लिजेंड्स’चा संघ उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता, ही त्यातली विभागणी योग्यच आहे. रमी खेळून कर्जबाजारी झालेला आणि बीजीएमआयची पात्रता फेरी खेळणारा यांना एकाच पंक्तीत बसवणं अन्यायाचं होतं. पण मान्यता मिळाली ती खेळाला. खेळाडूचा करार किती वर्षांचा, बक्षिसातला वाटा किती, खेळ बंद पडला तर पगाराचं काय, मध्येच संघाबाहेर काढलं तर नोटीस किती, यावर अजून सगळा भरवसा संघमालकाच्या सज्जनपणावर. मुंबईचा ‘ग्लोबल ई-स्पोर्ट्स’ 2023 पासून व्हॅलोरंटच्या आशिया-पॅसिफिक लीगमध्ये भारतातर्फे खेळतो, पण मैदानात उतरणाऱ्या पाचांत परदेशी खेळाडूच जास्त. मालकाला जिंकायचं असतं. स्थानिक पोराला जागा देणं हा त्याचा धर्म नाही.

खेळाडूंसाठी राज्याचं काम तर सुरूही झालेलं नाही, असं म्हणावं लागेल. कुस्तीतल्या गुणवंत खेळाडूला सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षणाचा आधार आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. ई-स्पोर्ट्सला यातलं काय आणि कुठल्या स्पर्धेपासून लागू, हे क्रीडा खात्याने स्वच्छ शब्दांत लिहून टाकावं. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ लिहावं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी 3,268 कोटींचं धोरण मंजूर केलं. त्यातला सोलापूरचा वाटा इथल्या लोकप्रतिनिधींनी मागून घ्यावा, नाहीतर तो मुंबई-पुण्यात मुरेल. आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन ई-स्पोर्ट्स लीग भरवावी. एक सभागृह, एकसारखे मोबाइल आणि चांगलं इंटरनेट एवढाच खर्च. मुलांची खरी पातळी घरच्या घरी कळेल. सकाळच्या वंदे भारतने पुण्याला जाऊन पहिल्याच चाचणीत बाद होण्यापेक्षा हे बरं.

राहिले पालक. मुलाला रागावण्यात किंवा त्याच्यासाठी महागडा फोन हप्त्यावर घेण्यात शहाणपण संपत नाही. तो खरंच चांगला खेळत असेल तर एक दिवस कुठल्यातरी संघाचा करार येईल. 18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार भारतीय कायद्यात टिकत नाही, म्हणून सही तुमची मागतील. ती सही करण्याआधी कॉलेजचा प्रवेश रद्द करू नका. कराराची मुदत, बक्षिसाचा वाटा, खेळावर बंदी आली तर काय आणि मुलाच्या यूट्यूब चॅनेलची मालकी कोणाची, ही चार कलमं शोधा. सापडली नाहीत तर लिहून मागा. आणि सोलापूरच्या न्यायालयात बसणाऱ्या एखाद्या वकिलाला तो कागद दाखवा.